डॉ. कमल रणदिवे : पेशींना शरीराबाहेर जगवणारी शास्त्रज्ञ

मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाऊन आलेल्या कुटुंबांच्या फाइलमध्ये हल्ली काही नवे शब्द दिसतात. कार-टी, जीन थेरपी, जीन एडिटिंग. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी ते कागद घेऊन दवाखान्यात बसतात आणि विचारतात, की रक्तातल्या पेशी बाहेर काढणार, त्यांत बदल करणार आणि पुन्हा शरीरात सोडणार, म्हणजे नक्की काय करणार? आणि मधल्या दिवसांत त्या पेशी जिवंत कशा राहतात?

यातला दुसरा प्रश्न साधा वाटतो, पण खरा तोच आहे. जनुकांत बदल करणारी कात्री कितीही धारदार असली, तरी ती चालवायची कुठे? पेशीवर. आणि ती पेशी शरीराबाहेर जिवंत राहिली, वाढली, तरच पुढचे सगळे. माणसाची किंवा प्राण्याची पेशी काचेच्या नळीत जगवण्याचे हे तंत्र, म्हणजे टिश्यू कल्चर, आपल्याकडे रुजवण्यात एका मराठी बाईंचा मोठा वाटा आहे. त्यांनी मुंबईत उभी केलेली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा देशातली पहिली म्हणून ओळखली जाते. डॉ. कमल रणदिवे हे त्यांचे नाव. रुग्णांच्या नातेवाइकांना जीन थेरपी समजावून सांगताना मला त्यांच्या आयुष्याचा उपयोग होतो, म्हणून हा लेख.

सीताफळाच्या कुळापासून सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. आईचे नाव शांताबाई. मुलींना शिकवायचेच, हा त्या घरातला पक्का विचार होता. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडिलांची इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे. यातले दोन्ही घडले नाही. कमलताईंनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९३९ मध्ये लग्न केले ते जयसिंग त्रिंबक रणदिवे या गणितज्ञाशी. आम्हा डॉक्टरांच्या बिरादरीचे नुकसान झाले खरे, पण रुग्णांचा फायदाच झाला.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एमएस्सी केले. विषय होता सीताफळ, रामफळ ज्या कुळातले, त्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधली गुणसूत्रे. गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकातले धागे, ज्यांवर आपली जनुके रांगेने बसलेली असतात. पेशी दुभंगण्याच्या बेतात असली की हे धागे आखूड आणि जाड होतात, आणि रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. वनस्पतीत हे काम तुलनेने सोपे, कारण मुळाच्या टोकाशी पेशी सतत वाढत असतात. माणसात अशा वाढत्या पेशी सहज मिळत नाहीत. म्हणूनच तर त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत माणसाची गुणसूत्रे ४८ अशी चुकीची संख्या होती. ती ४६ आहे हे १९५६ मध्ये ठरले, आणि तेही कशामुळे, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी उपलब्ध झाल्यामुळे.

इथे थोडे थांबून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बाळाला डाऊन सिंड्रोमची शंका असेल, किंवा वारंवार गर्भपात होत असतील, तर आम्ही कॅरिओटाइप नावाची तपासणी सांगतो. तिचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि लोक वैतागतात. कारण असे की रक्त नळीतून लॅबला पोहोचल्यावर त्यातल्या पांढऱ्या पेशी आधी वाढवाव्या लागतात. त्यांना दुभंगायला लावणारे औषध घालून साधारण तीन दिवस शरीराच्या तापमानाला ठेवतात, मग नेमक्या क्षणी त्यांची वाढ थांबवतात, मग गुणसूत्रे मोजायची. वाटेत नमुना गोठला, फार तापला किंवा उशिरा पोहोचला, तर पेशी वाढतच नाहीत आणि कल्चर फेल असा शेरा येतो. त्याचा अर्थ बाळात दोष सापडला असा नव्हे. नमुना पुन्हा द्यायचा, एवढेच.

परळला खानोलकरांच्या हाताखाली

लग्नानंतर रणदिवे मुंबईत आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये परळला सुरू झाले होते. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, एक आद्य नाव. कर्करोग कुठल्या सवयीमुळे होतो, याचा शोध ते आपल्या लोकांच्या राहणीत घेत. धोतर किंवा साडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेवरच्या त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये नोंदवला होता. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग हा तर त्यांचा खास विषय.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. खानोलकरांनी पुढे जी संशोधन संस्था उभी केली ती १९५२ पासून इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर म्हणून ओळखली गेली. रणदिवे यांच्या कामाची वर्षे याच संस्थेत गेली. पण त्याआधी एक महत्त्वाचा प्रवास झाला.

बाल्टिमोरची प्रयोगशाळा

खानोलकरांनी त्यांना परदेशात जाऊन टिश्यू कल्चर शिकण्यास प्रोत्साहन दिले आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. त्या काळी या विषयासाठी याहून मोठे ठिकाण नव्हते.

गाय हे हाताने उपकरणे बनवणारे गृहस्थ. पेशींच्या काचेच्या नळ्या सावकाश फिरत राहतील असे पिंप त्यांनी तयार केले होते, म्हणजे पेशी काही वेळ पोषक द्रवात बुडतात आणि काही वेळ हवेत येतात, शरीरात रक्त जसे फिरते तसे. पेशींचे खाद्य ते कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतिणीच्या नाळेतले रक्त यांतून बनवत. वर्षानुवर्षे त्यांनी माणसाच्या पेशी लावल्या आणि त्या काही दिवसांत मेल्या. १९५१ च्या फेब्रुवारीत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा त्यांच्याकडे आला. या पेशी मेल्या नाहीत. दररोज दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या पेशी, ज्यांना हेला म्हणतात, आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओची लस तपासायलाही त्या वापरल्या गेल्या.

पण हेन्रिएटांना कोणी विचारले नव्हते. घरच्यांना तर वीसेक वर्षे पत्ताच नव्हता. त्या काळी विचारण्याची पद्धत नव्हती, हे खरे, आणि ते बरोबर नव्हते, हेही खरे. आज तुमच्या हातात जेव्हा चार-पाच पानी संमतीपत्र येते, तेव्हा त्यात उरलेला नमुना संशोधनासाठी ठेवायचा का, असा एक परिच्छेद असतो. तो वाचा. समजला नाही तर विचारा. नको असेल तर नाही म्हणा, उपचार थांबत नाहीत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा साठवलेल्या नमुन्यांसाठी संमती घेणे आवश्यक आहे. सही कुठे करू, एवढेच विचारणारे नातेवाईक मी रोज पाहतो, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

पेशी वाढवायच्या म्हणजे काय करायचे

अमेरिकेतून परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या संस्थेत टिश्यू कल्चर आणि प्रायोगिक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. ते काम किती कटकटीचे होते, हे तंत्र समजल्याशिवाय कळत नाही.

गाठीचा किंवा अवयवाचा ताजा तुकडा मिळाला की तो बारीक करायचा. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा चिकटपणा सैल व्हावा म्हणून ट्रिप्सिनसारखे पाचक द्रव्य वापरतात. सुट्या झालेल्या पेशी पोषक द्रवात सोडतात. लॅबमध्ये त्याला मीडियम म्हणतात. त्यात साखर, क्षार, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि बहुधा थोडा रक्तातला द्रव, म्हणजे सीरम. तापमान ३७ अंश. आजच्या इन्क्युबेटरमध्ये हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवतात, म्हणजे द्रवाची आम्लता शरीरातल्यासारखी राहते. पेशी तळाला चिकटतात, पसरतात, दुभंगतात. तळ भरला की त्यांना पुन्हा सोडवून दोन-तीन नव्या भांड्यांत वाटून द्यावे लागते. घरात विरजणातून विरजण लावतात, तसेच काहीसे. फरक असा, की विरजणाला हात लागला तरी दही लागते, इथे एक बुरशीचा कण पडला की आठवड्यांची मेहनत वाया.

कारण जे खाद्य पेशींना आवडते, ते जंतूंना त्याहून आवडते. माणसाची पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते, जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. प्रतिजैविकांनी या कामात मोठी मदत केली, पण मुंबईच्या पावसाळी दमट हवेत निर्जंतुकता राखणे म्हणजे सतत पहारा. आजच्यासारखे तयार मीडियमचे डबे, फेकून देण्याच्या प्लास्टिक बाटल्या तेव्हा नव्हत्या. काच धुवायची, उकळायची, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची आणि पुन्हा वापरायची. या कामात भांडी धुणाऱ्या मदतनिसाचा हात शास्त्रज्ञाच्या हाताइतकाच महत्त्वाचा असतो. साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरतात.

आणखी एक मर्यादा. निरोगी पेशी कायम वाढत नाहीत. साधारण ४० ते ६० वेळा दुभंगल्यावर त्या थांबतात, हे १९६१ मध्ये लक्षात आले. कर्करोगाच्या अनेक पेशींना हा थांबा लागू होत नाही. म्हणून काचेच्या भांड्यात कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी शेजारीशेजारी ठेवून पाहिली, की रोग नक्की कुठे वेगळा वागतो हे दिसू लागते. रणदिवे यांना हेच हवे होते.

उंदीर, दूध आणि वारसा

स्तनाचा कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय. घरात आईला झाला तर मुलीला होतो का, हा प्रश्न तेव्हाही बायका विचारत, आजही विचारतात. रणदिवे यांनी त्याचे उत्तर उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांत शोधले. काही वाणांत पिढ्यान्‌पिढ्या मादीला स्तनाचा कर्करोग होतो, काहींत जवळपास नाही. म्हणजे वारसा आहे. पण १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले होते, की कर्करोगी वाणाची पिल्ले जन्मताच निरोगी वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तर रोगाचे प्रमाण खूप घटते. दुधातून काहीतरी जात होते, आणि तो पुढे विषाणू निघाला. म्हणजे जनुके, विषाणू आणि स्त्री-संप्रेरके असे तिघांचे जाळे. रणदिवे यांचे काम या तिघांचा एकमेकांशी संबंध लावण्याचे. कर्करोगाला आनुवंशिक कल कसा असतो आणि संप्रेरकांशी, विषाणूंशी त्याचा दुवा काय, हे तपासणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या मोडतात. रक्ताचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग समजून घेण्यासाठीही त्यांच्या प्रयोगशाळेने प्राण्यांचे नमुने तयार केले.

इथे लगेच खुलासा करतो, नाहीतर उद्या कोणी बाळाला अंगावर पाजायचे थांबवेल. ही गोष्ट उंदरांची आहे. माणसात आईच्या दुधातून बाळाला स्तनाचा कर्करोग होतो असे दिसलेले नाही. उलट स्तनपानाने आईचा स्वतःचा धोका थोडा कमी होतो.

माणसातल्या वारशाचे उत्तर रणदिवे निवृत्त झाल्यानंतर मिळाले. बीआरसीए १ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागले, बीआरसीए २ त्याच्या पुढच्या वर्षी. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच थेट वारशाने येतात. आई, बहीण, मावशी यांपैकी एकीपेक्षा जास्त जणींना झाला असेल, तरुण वयात झाला असेल, किंवा स्तन आणि बीजांडकोश असे दोन्ही कर्करोग घरात असतील, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. या तपासणीत पेशी वाढवाव्या लागत नाहीत. रक्तातून डीएनए वेगळा करतात, हवा तो तुकडा पीसीआरने वाढवतात आणि अक्षर-अक्षर वाचतात. पीसीआर म्हणजे डीएनएची झेरॉक्स. गरम करून दोन धागे सुटे करायचे, थंड करून प्रत्येकाची जोडी भरून घ्यायची, हे तीसेक वेळा केले की एका तुकड्याच्या सुमारे १०० कोटी प्रती होतात. कोविडच्या काळात नाकातल्या काडीवर हेच तंत्र चालत होते.

महारोगाचा जंतू

खानोलकरांना कुष्ठरोगातही रस होता, आणि त्यांच्या शिष्यांनाही. कोल्हापूरकरांना शेंडा पार्क माहीत आहे, त्यामुळे या रोगाने माणसाला समाजातून कसे उठवले हे वेगळे सांगायला नको. रोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण तो कृत्रिम माध्यमावर वाढेना. आजही वाढत नाही. जंतू वाढवता येत नाही म्हणून लस बनवता येत नाही, अशी अडचण.

हा जंतू नसांत शिरतो. मग त्याला नसांच्याच पेशी द्याव्यात, या विचाराने मुंबईच्या प्रयोगशाळेत मज्जातंतूंच्या पेशींच्या कल्चरमध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतला नमुना घातला गेला. त्यातून एक जंतू वाढला. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये तो जाहीर केला, आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी बॅसिलस नाव मिळाले. पुढे कळले की हा कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हे, त्याचा दूरचा भाऊबंद आहे. शास्त्रात असे होते. पण हा भाऊबंद कुष्ठरोगाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जागी करत होता, म्हणून त्याच संस्थेत १९७९ मध्ये त्यापासून लस तयार झाली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल १९९८ मध्ये आला, तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. तोवर तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला होता, आणि लस मागे पडली. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लपवू नका, इतकेच इथे म्हणतो.

या कामाबद्दल रणदिवे यांना १९६४ मध्ये वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. पद्मभूषण आला तो १९८२ मध्ये.

परळच्या नळीपासून जीन एडिटिंगपर्यंत

१९६६ मध्ये संशोधन संस्था आणि हॉस्पिटल एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. त्याच वर्षापासून १९७० पर्यंत रणदिवे यांनी संशोधन संस्थेचे प्रभारी संचालकपद सांभाळले. पेशीजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, कर्करोग कशाने सुरू होतो याचा अभ्यास, असे नवे विभाग त्यांनी उभे केले. ही संस्था पुढे नवी मुंबईत खारघरला गेली. आणि त्याच खारघरच्या केंद्रात ४ जून २०२१ रोजी भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती एका रुग्णाला दिली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून तयार केलेल्या या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली.

आता सुरुवातीचा प्रश्न. कार-टीमध्ये रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी यंत्राने वेगळ्या काढतात. त्या लॅबमध्ये जाग्या करतात. मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक नवे जनुक बसवून ते पेशीत पोहोचवतात. या जनुकामुळे टी-पेशीवर एक नवा आकडा उगवतो, जो कर्करोगाच्या बी-पेशीवरची सीडी १९ नावाची खूण पकडतो. बदललेल्या पेशी काही दिवस वाढवून कोट्यवधी करतात, जंतू शिरले नाहीत ना हे तपासतात आणि सलाइनसारख्या परत देतात. म्हणजे मधले दिवस त्या पेशी इन्क्युबेटरमध्ये, ३७ अंशावर, मीडियम पीत असतात. परळला जे काचेत चालायचे, ते आता बंद पिशव्यांत चालते.

यात जनुक नव्याने घातले जाते. जीन एडिटिंग थोडे वेगळे. त्यात आधीच असलेल्या जनुकात नेमक्या जागी बदल करतात. २०१२ मध्ये पुढे आलेल्या क्रिस्पर-कॅस ९ या तंत्रात एक छोटी आरएनएची साखळी वाटाड्याचे काम करते, ती डीएनएवरची जुळणारी जागा शोधते आणि कॅस ९ हे प्रथिन तिथे काप देते. पेशी तो काप स्वतः सांधते, आणि सांधताना जनुक बंद पडते किंवा हवा तो बदल होतो. वाटाडा कधी चुकून मिळत्याजुळत्या दुसऱ्या जागी नेऊ शकतो, म्हणून वाढवलेल्या पेशींची तपासणी फार काटेकोर असते. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी या तंत्राचा पहिला उपचार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मंजूर केला. त्यातही अस्थिमज्जेच्या मूळ पेशी बाहेर काढूनच बदलतात.

हे सगळे ऐकून आशा वाटते आणि वाटायलाही हवी. पण दोन गोष्टी. कार-टी सध्या बी-पेशींच्या ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे, तेही आधीचे उपचार थकल्यावर. सर्वांना लागू पडत नाही, लागू पडले तरी रोग काहींत परत येतो, आणि दिल्यानंतरच्या दिवसांत जोराचा ताप, रक्तदाब कमी होणे, गोंधळल्यासारखे होणे असे परिणाम होऊ शकतात. भारतातला खर्च परदेशाच्या मानाने बराच कमी असला, तरी काही दशलाख रुपयांचाच आहे. जमीन विकण्याआधी मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना स्पष्ट विचारा, की आमच्या रुग्णाला याचा उपयोग किती, आणि सरकारी योजना किंवा ट्रस्टची मदत मिळेल का.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. गुडघा, मधुमेह, पक्षाघात, ऑटिझम, सगळ्यावर स्टेम सेल किंवा जनुकीय उपचार, अशी पत्रके गावोगाव फिरतात. देशाच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या मान्य कारणांसाठीचे मूळ पेशी प्रत्यारोपण सोडले, तर बाकी वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कोणीही पाहू शकतो. ट्रायलमध्ये प्रायोगिक उपचाराचे पैसे मागितले, तर तिथेच थांबा. भांड्यात पेशी मेल्या किंवा उंदराची गाठ विरघळली, हा उपचार नव्हे. आयसीआरसीचा जंतू प्रयोगशाळेत दिसल्यापासून लसीच्या चाचणीचा निकाल यायला चाळीस वर्षे लागली होती.

अकोल्यातली मुले

रणदिवे यांनी बाहेर शिकायला गेलेल्या तरुणांनी परत येऊन इथेच काम करावे असा आग्रह धरला, आणि स्वतः तसे केले. आयसीएमआरने त्यांना निवृत्तीनंतर सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून ठेवले. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापली. प्रयोगशाळेत मुली येत होत्या, पण लग्न आणि मूल झाले की गळत होत्या. वाशीला या संघटनेने नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. व्याख्यानांपेक्षा पाळणाघराने जास्त महिला शास्त्रज्ञ टिकवल्या असतील, असे माझे मत.

उतारवयात त्यांनी निवडलेले काम सूक्ष्मदर्शकापासून फार लांबचे होते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन या संस्थेच्या आधाराने त्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करू लागल्या. राजूर भागातल्या गावांत बायकांना आरोग्याबद्दल सांगत, स्थानिक स्वयंसेवकांना शिकवत. ज्यांनी आयुष्यभर पेशींना नेमके काय खायला घालायचे याची मोजदाद केली, त्या आता मुलांच्या ताटात काय आहे याची करत होत्या. दोनशेहून अधिक शोधनिबंध नावावर असलेल्या शास्त्रज्ञाने हे काम करावे, याचे त्यांच्या ओळखीच्यांना फारसे नवल वाटले नसावे.

२००१ च्या फेब्रुवारीत मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा छापून आला. त्याच महिन्यात कुष्ठरोगाच्या जंतूचा पूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की या जंतूची हजारभर जनुके निकामी झालेली आहेत, त्यामुळे तो यजमानाच्या पेशीशिवाय जगूच शकत नाही, आणि म्हणून कोणत्याही बाटलीत वाढत नाही. डॉ. कमल रणदिवे यांचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झाले. त्या ८३ वर्षांच्या होत्या.